चाक बसते, पण जुळते का?
मोटारीच्या चाकाची मापे आणि आमच्या दुकानदार बंधूंची जबाबदारी

कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तिथल्या एका दुकानात आम्ही बसलो असताना एक गृहस्थ तणतणत आले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी आपल्या मारुती स्विफ्टसाठी याच दुकानातून चार मॅगव्हील घेतली होती. व्हील वापरलेली होती, पण अस्सल होती. होंडा सिटीवरून उतरवलेली, कंपनीची. गिऱ्हाइकाने विचारले होते, "माझ्या गाडीला बसतील का?" दुकानातील मुलाने सांगितले होते, "चार होल, शंभर पीसीडी. बसणारच!" आणि ती बसलीही.

पुढे ते गृहस्थ बायकामुलांना घेऊन चिपळूणला निघाले. ताशी ८० च्या पुढे गेले की स्टिअरिंग थरथरू लागे. माणगावच्या पुढे डाव्या बाजूने टकटक ऐकू आली म्हणून त्यांनी गाडी थांबवली. पाहतात तो पुढच्या डाव्या चाकाचे तीन नट हाताने फिरत होते. अल्लाहची मेहरबानी, की त्यांनी वेळीच गाडी थांबवली.

मालकांनी त्यांचे ऐकून घेतले आणि गाडी वर उचलून चाक काढले. त्यांनी व्हर्नियर कॅलिपर लावला आणि मुलाला जवळ बोलावले. माल खोटा नव्हता, भावही जास्त लावला नव्हता. तरीही सौदा चुकला होता, कारण पाचपैकी एकच माप पाहिले गेले होते. या धंद्यात आमच्या समाजातील हजारो तरुण आहेत. कोणी टायरच्या दुकानात काम करतो, कोणी गॅरेजमध्ये, कोणी जुन्या मालाच्या व्यापारात. त्यांच्यासाठी आणि गाडी बाळगणाऱ्या वाचकांसाठी ही मापे सोप्या भाषेत सांगावीत, असे आम्हास वाटले.

चाकावर लिहिलेले वाचा

बहुतेक चाकांच्या मागच्या अंगाला किंवा आऱ्याच्या आतल्या बाजूस काही अक्षरे कोरलेली असतात. उदाहरणार्थ : ६ जे × १५ एच२ ईटी ३८. यातील ६ म्हणजे रिमची रुंदी ६ इंच. ती बाहेरून मोजायची नसते. टायरच्या दोन कडा जिथे टेकतात, त्या दोन जागांमधले अंतर म्हणजे रुंदी. 'जे' हा रिमच्या काठाचा घाट आहे. १५ म्हणजे टायर बसतो त्या जागेचा व्यास, १५ इंच. एच२ म्हणजे आतल्या अंगाला दोन्हीकडे उंचवटे आहेत. हवा कमी झाली तरी ट्यूबलेस टायरची कड त्यामुळे सहज सरकत नाही. ईटी ३८ म्हणजे ऑफसेट ३८ मिलिमीटर. ईटी हे जर्मन शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. कित्येक चाकांवर जास्तीत जास्त भार किती, हेही किलोमध्ये लिहिलेले असते. चाक विकत घेण्यापूर्वी ते उलटे करून एवढे वाचले, तरी निम्म्या चुका टळतील.

पहिले माप : होलचे वर्तुळ

नटांची जी होल असतात, त्यांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ४ × १०० म्हणजे चार होल आणि १०० मिलिमीटरचे वर्तुळ. स्विफ्ट, होंडा सिटी, हुंदाई आय-२० या गाड्या याच मापाच्या आहेत. टोयोटा इनोव्हा ५ × ११४.३ आहे. हा ११४.३ आकडा विचित्र वाटतो, पण तो साडेचार इंच आहे. जिप्सी आणि जिम्नीचे १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. फोक्सवॅगन पोलोचे माप ५ × १००, तर स्कोडा ऑक्टाव्हियाचे ५ × ११२.

चार होलचे चाक मोजणे सोपे आहे. एका होलच्या आतल्या कडेपासून समोरच्या होलच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही होल सारखी असल्याने हेच अंतर मध्यापासून मध्यापर्यंतचे असते. पाच होलच्या चाकात अगदी समोरासमोर होल नसते. तिथे शेजारच्या दोन होलांमधील अंतर याच पद्धतीने घ्या आणि त्याला १.७०१ ने गुणा. ६७.२ आले तर पीसीडी ११४.३ आणि ६५.८ आले तर ११२. दोन्हींत फरक फक्त १.४ मिलिमीटरचा. फूटपट्टी किंवा डोळ्यांचा अंदाज इथे कामाचा नाही, कॅलिपरच हवा.

"दोन मिलिमीटरने काय होते?" असे म्हणणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. जुन्या फियाट युनो आणि पॅलिओचे माप ४ × ९८ आहे. त्यावर ४ × १०० चे चाक ठोकून बसवले, तर प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर बाजूला पडतो. बोल्टचे निमुळते तोंड एकाच अंगाला टेकते आणि बोल्टवर वाकडा ताण येतो. पाना घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण चाक हबवर सपाट दाबले गेलेले नसते. लक्षात ठेवा, गाडीचे वजन बोल्ट पेलत नसतात. बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबातून होणारे घर्षण भार पेलते. दाब गेला की बोल्ट ढिला होतो किंवा तुटतो.

दुसरे माप : मधले भोक

आता स्विफ्टच्या त्या चाकाकडे येऊ. होलचे माप तर जुळत होते, मग बिघडले कुठे? हबच्या मध्यभागी जो उंच गोल भाग असतो, त्यावर चाकाचे मधले भोक नेमके बसायला हवे. स्विफ्टचे हे माप ५४.१ मिलिमीटर आहे आणि होंडा सिटीचे ५६.१. सिटीचे चाक स्विफ्टवर चढते, पण चारी बाजूंनी एकेक मिलिमीटर मोकळे राहते. बसवताना चाक किंचित खाली उतरले आणि तसेच आवळले गेले, तर ते फिरताना मध्यावर फिरत नाही. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक बरोबर दिसते, कारण यंत्र त्याला स्वतःच्या मध्यावर धरते. गाडीवर चढले की ते पुन्हा थरथरते. गिऱ्हाईक दोनदा बॅलन्सिंगचे पैसे देतो आणि दोष कायम राहतो.

उलट, स्विफ्टचे चाक सिटीवर चढतच नाही, कारण भोक लहान पडते. म्हणजे भोक मोठे असण्याची चूकच जास्त फसवी, कारण ती अडवत नाही.

मोठ्या भोकावर उपाय आहे. मधे घालायची कडी मिळते. तिचा बाहेरचा व्यास चाकाच्या भोकाइतका आणि आतला हबइतका असावा लागतो. बाजारातील बरीच मॅगव्हील अनेक गाड्यांना चालावीत म्हणून ७३.१ मिलिमीटर भोकाची बनवतात. ती इनोव्हाला बसवायची तर ७३.१ वरून ६०.१ वर आणणारी कडी लागेल. जवळपासच्या मापाची कडी पट्टी गुंडाळून बसवणे हा उपाय नव्हे.

तिसरे माप : ऑफसेट

या मापाविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ कल्पा. चाकाचा जो पृष्ठभाग हबला टेकतो, तो या रेघेपासून जितका लांब, तितका ऑफसेट. तो पृष्ठभाग रेघेच्या बाहेर, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असेल, तर ऑफसेट अधिक. आजच्या बहुतेक मोटारींचे असेच असते. रेघेवरच असेल तर शून्य, आणि इंजिनाच्या बाजूला असेल तर उणे. ईटीचा आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत. जितका लहान, तितके बाहेर.

हिशेब अगदी सोपा आहे. रिमच्या निम्म्या रुंदीतून ईटी वजा करा, म्हणजे चाक बाहेर किती जाते ते कळेल. मिळवा, म्हणजे आत किती जाते ते कळेल. समजा गाडीवर ५ इंची रिम आहे, ईटी ४५. पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर, निम्मे ६३.५. बाहेर १८.५, आत १०८.५. आता गिऱ्हाइकाला ६ इंची, ईटी ३८ चे चाक आवडले. सहा इंच म्हणजे १५२.४, निम्मे ७६.२. बाहेर ३८.२, आत ११४.२. म्हणजे नवे चाक बाहेर १९.७ मिलिमीटर अधिक जाणार आणि आत ५.७ मिलिमीटर. बाहेर जवळजवळ दोन सेंटिमीटर! मागे तीन माणसे बसली आणि खड्डा आला की टायर मडगार्डच्या कडेला घासणार. आतल्या बाजूला शॉकअबसॉर्बरपर्यंत मोकळी जागा किती आहे, तेही पाहावे लागेल.

चाक बाहेर गेले की दिसायला रुबाब येतो. पण हबच्या बेअरिंगवर वजनाचा रेटा दूरवरून पडू लागतो, स्टिअरिंग जड होते आणि खड्ड्यात एका बाजूला ओढते. जाड चकती घालून चाक बाहेर काढण्याची हौस असते, तिचाही परिणाम हाच. शिवाय चकतीमुळे स्टडवर नट पकडायला पेर कमी उरतात.

चाकावर ईटी लिहिलेला नसेल तर मोजता येतो. चाक तोंड खाली करून ठेवा. मागच्या काठांवर एक सरळ पट्टी आडवी टाका आणि तिथून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंत खोली मोजा. मग काठांसकट चाकाची पूर्ण बाहेरची रुंदी मोजा. ती लिहिलेल्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच जास्त भरते. खोलीतून या पूर्ण रुंदीचे निम्मे वजा केले की ऑफसेट मिळतो. खोली १२७ आणि पूर्ण रुंदी १७७ आली, तर १२७ वजा ८८.५, म्हणजे ३८.५. हे चाक ईटी ३८ चे, हे पट्टीने कळले.

चौथे माप : नट आणि त्याची बैठक

दुकानाच्या मालकांनी सिटीच्या चाकाचे होल मुलाला दाखवले. त्याची बैठक वाटीसारखी गोलाकार होती, कारण होंडाचे मूळ नट गोल तोंडाचे असतात. त्यात स्विफ्टचे निमुळते, शंकूच्या तोंडाचे नट आवळले होते. गोल वाटीत शंकू बसला की तो एका बारीक रेघेवरच टेकतो. ॲल्युमिनियम तिथे दबते, ताण उतरतो आणि नट ढिला होतो. माणगावपुढची टकटक इथून आली होती.

नटाचे आटेही पाहावेत. मारुतीचे नट १२ मिलिमीटरचे, १.२५ आट्याचे. होंडा, टोयोटा व हुंदाईचेही १२ मिलिमीटरचेच, पण १.५ आट्याचे. जाडी सारखी असल्याने चुकीचा नट एक-दोन पेर चढतो आणि मग अडतो. हवेच्या गनने त्याला जबरीने चढवले की स्टडचे आटे गेलेच. म्हणून पहिले काही पेर नट नेहमी हाताने फिरवावा. हाताने फिरत नसेल तर तो त्या गाडीचा नट नव्हे.

आवळतानाही अंदाज नको. समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्यावेत आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्यावा. लहान मोटारींसाठी तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर गिऱ्हाइकाला परत बोलावून नट पुन्हा तपासावेत. यात पाच मिनिटे जातात, पण गिऱ्हाईक कायमचे जोडले जाते.

पाचवे माप : टायरची उंची आणि भार

टायरवर १८५/६५ आर १५ ८८एच असे लिहिलेले असते. रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १५ इंच रिमचा व्यास. ८८ हा भाराचा क्रमांक आहे, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग.

रिम मोठी करताना टायरची भिंत कमी करून एकूण उंची तीच राखायची, हा नियम आहे. खुद्द कंपनी तेच करते. स्विफ्टच्या साध्या मॉडेलांना १६५/८० आर १४ टायर येत, तर वरच्या मॉडेलांना १८५/६५ आर १५. पहिल्याची एकूण उंची ६१९.६ मिलिमीटर होते, दुसऱ्याची ६२१.५. एक इंच मोठी रिम घातली, तरी फरक दोन मिलिमीटरच्या आत! याउलट उंची तीन टक्के वाढली, तर मीटर ८० दाखवत असताना गाडी ८२ च्या वर धावते आणि १०० किलोमीटरच्या जागी ९७ च मोजले जातात. जुनी गाडी विकताना मीटरचा आकडाही मग खरा राहत नाही.

भाराचा क्रमांक कधीही कमी करू नये. ८८ ऐवजी ८२ चा टायर दिला, तर एका टायरवर ४७५ किलोच चालतात. चार टायर मिळून ३४० किलोंची घट झाली. पाच माणसे बसवून घाट चढणाऱ्या गाडीला ही घट लहान नव्हे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर बंधने आहेत. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणून कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांच्या आत राहणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष मालामुळे किंवा सेवेतील कसुरीमुळे नुकसान झाले, तर भरपाई मागण्याचा हक्क त्यात आहे, आणि विक्रेताही त्यातून सुटत नाही. "मी फक्त विकले" हे उत्तर पुरेसे होईलच, असे नाही.

दुकानदार बंधूंना चार शब्द

या कामाला फार भांडवल लागत नाही. व्हर्नियर कॅलिपर, दोन फुटी सरळ पट्टी, टॉर्क पाना आणि एक वही. वहीत प्रत्येक गाडीचे मॉडेल, वर्ष, होल, पीसीडी, मधले भोक, रुंदी, ऑफसेट, नटाचे आटे व बैठक, टायर आणि भाराचा क्रमांक असे रकाने पाडा. दुकानात येणारी प्रत्येक गाडी मोजून त्यात भरा. एकाच नावाच्या गाडीची मापे वर्षागणिक बदलतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. वर्षभरात ही वही दुकानाची दौलत होईल.

गिऱ्हाइकाला बिलाबरोबर या मापांची चिठ्ठी द्या. चाक चढवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहा. ब्रेकचा कॅलिपर, शॉकअबसॉर्बर आणि मडगार्डपासून निदान पाच मिलिमीटर मोकळी जागा हवी. मागे माणसे बसवून पुन्हा पाहा. जे जुळत नाही, ते विकू नका. त्या दिवसाचा नफा जाईल, पण नाव राहील.

पवित्र कुरआनात मापा-तोलात कसूर करणाऱ्यांवरून नाव पडलेली एक स्वतंत्र सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. आपण ती ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे धान्याचा तराजू येतो. पण कापड मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला गज दिसतो, धान्य घेणाऱ्याला काटा दिसतो; चाक घेणाऱ्याला यातील काहीच दिसत नाही. ऑफसेट म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. तो डोळे झाकून विश्वास ठेवतो आणि मुलाबाळांना त्या चाकांवर बसवतो. जिथे गिऱ्हाईक माप पाहू शकत नाही, तिथे माप ही दुकानदाराकडे ठेवलेली अमानत असते. न मोजता "बसेल" म्हणणे ही त्या अमानतीत कसूरच होय, मग माल कितीही अस्सल असो.

त्या दिवशी मालकांनी चारही व्हील परत घेतली, पूर्ण पैसे दिले आणि गृहस्थांची जुनी चाके स्वतःच्या हाताने बसवून टॉर्क पान्याने आवळली. मुलाला ते रागावले नाहीत. "चूक माझी," एवढेच म्हणाले, "मी तुला भाव शिकवला, माप शिकवले नाही." दुसऱ्या दिवसापासून कॅलिपर गल्ल्याच्या ड्रॉवरमधून निघून दुकानाच्या खांबावर लटकला. आम्ही परवा गेलो, तेव्हा तो मुलगा एका इनोव्हाचे चाक पालथे घालून वहीत आकडे उतरवत होता.